उच्चार शिकवण्याआधी शिक्षकाने काय शिकावं?

(भाषाशिक्षकांसाठी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. ज्या अक्षराखाली टिंब दिलं आहे, उदा. च़, ज़, झ़, तिथे दंत्य उच्चार अपेक्षित आहे.)



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की ध्वनिशास्त्र म्हणजे विद्यापीठातली गोष्ट, आपल्याला वर्गात तिचा काय उपयोग? म्हणून सुरुवात वर्गातूनच करू. चार वाक्यं सांगतो. एक मुलगा म्हणतो, "मला वेल नाही." त्याला "वेळ" म्हणायचंय. दुसरी मुलगी "चमचा" हा शब्द हिंदीतल्या "चम्मच" मधल्या च ने म्हणते. तिसरा वहीत "मंदीर" लिहितो, र च्या आधी दीर्घ दी. आणि चौथा म्हणतो, "बाई, पानी प्यायला जाऊ?"

चौघांच्याही वाट्याला काय येतं? लाल शाई, नाहीतर "नीट बोल". पण या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, बरं का. पहिल्याला बहुधा ल आणि ळ यांतला फरक ऐकूच येत नाही. दुसरीला लिपीने फसवलंय, कारण च हे अक्षर एकच आणि आवाज दोन. तिसऱ्याने जे ऐकलं ते अगदी बरोबर लिहिलंय. आणि चौथा त्याच्या घरची मराठी बोलतोय. चौघांना एकच औषध दिलं तर एकालाही गुण येणार नाही. आणि चौथा तर हळूहळू वर्गात बोलायचाच बंद होईल.

तेव्हा आज मला सांगायचंय ते एवढंच: शिक्षकाने ध्वनिशास्त्र शिकायचं ते स्वतःचे उच्चार मिरवण्यासाठी नाही. समोरच्याचं नेमकं कुठे अडलंय ते ओळखता यावं, यासाठी शिकायचं.

हे शास्त्र शिक्षकांचंच आहे

ध्वनींची जी आंतरराष्ट्रीय लिपी आज शब्दकोशांत दिसते, ती कुणी तयार केली ठाऊक आहे? १८८६ साली पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांची एक संघटना स्थापन झाली. पुढाकार होता पॉल पासी या फ्रेंच शिक्षकाचा. संघटनेचं सुरुवातीचं नाव होतं "फोनेटिक टीचर्स असोसिएशन". फ्रेंच मुलांना इंग्रजी शिकवताना स्पेलिंगचा फार त्रास होतो, म्हणून ऐकू येणारा आवाज जसाच्या तसा लिहिता आला पाहिजे, ही त्यांची गरज होती. १८८८ मध्ये त्यांनी आपली लिपी प्रसिद्ध केली. म्हणजे हे शास्त्र वर्गात अडलेल्या माणसांनी पुढे आणलं.

आपल्याकडे तर याहून जुनी गोष्ट आहे. सहा वेदांगांपैकी एकाचं नाव "शिक्षा". शिक्षा म्हणजे उच्चारांचं शास्त्र. आवाज तोंडात कुठे निघतो, जीभ काय करते, श्वास किती लागतो, याचा बारकाईने विचार त्यात केला आहे. आणि त्या विचाराचं फळ आपण पहिलीतच पाठ केलंय. आपली वर्णमाला!

आता सगळ्यांनी माझ्याबरोबर म्हणा. मोठ्याने, लाजू नका. क, च, ट, त, प. पुन्हा एकदा, सावकाश. जीभ कुठे कुठे गेली? क ला जिभेचा मागचा भाग वर उचलला. च ला मधला भाग टाळूकडे. ट ला टोक मागे वळलं. त ला दातांना टेकलं. प ला जिभेचं कामच नाही, ओठ मिटले. घशाकडून ओठांकडे आपण पायरी पायरीने आलो. वर्णमालेचे वर्ग म्हणजे तोंडाचा नकाशा आहे. तो पाठ करून घेणारे आपण, वाचून दाखवणारे किती?

आता आडवं जाऊ. क, ख, ग, घ, ङ. जागा एकच, मग बदलतं काय? कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरा. "ताट" म्हणा, मग "थाट" म्हणा. थ ला पट्टी जास्त हलली ना? तो जादा श्वास म्हणजे महाप्राण. आता गळ्यावर बोटं ठेवा आणि लांबवत म्हणा: स्स्स्स… मग म्म्म्म… दुसऱ्या वेळी बोटांखाली थरथर लागली. तो घोष. आणि नाक चिमटीत धरून म म्हणून बघा. (हशा) अडकला. कारण म ची वाट नाकातून आहे.

झालं. जागा, श्वास, थरथर आणि नाक, या चार गोष्टी हातात आल्या की निम्मं ध्वनिशास्त्र आलं. त्याला यंत्र लागत नाही. कागदाची पट्टी, दोन बोटं आणि एक छोटा आरसा पुरतो.

आधी कान, मग जीभ

आता पहिल्या मुलाकडे येऊ, "मला वेल नाही" म्हणणाऱ्याकडे. आपण काय करतो? "वेळ म्हण, वेळ." तो म्हणतो, "वेल." आपण आणखी मोठ्याने, "वेळ!" तोही आणखी मोठ्याने, "वेल!" दोघंही प्रामाणिक आहेत. त्याला खरोखरच वाटतंय की आपण सांगितलं तेच मी म्हणतोय.

असं का होतं, यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतले त आणि ट ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो फरक कळला. पण वर्ष भरत आलेल्या बाळांमध्ये ती क्षमता खूपच कमी झालेली दिसली. म्हणजे बाळ आपल्या घरच्या भाषेला लागणारे भेद जपतं आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतं. मोठेपणी आपण भाषा ऐकतो ती या गाळणीतून.

म्हणून "ऐका आणि म्हणा" ही पद्धत एकटी अपुरी पडते. जे कानाला वेगळं लागत नाही, ते जिभेला वेगळं कसं जमणार?

उपाय आहे आणि तो सोपा आहे. एकाच आवाजाचा फरक असलेल्या शब्दांच्या जोड्या घ्या. वेल–वेळ, काल–काळ, माल–माळ. विद्यार्थ्याला बोलायला सांगूच नका. तुम्ही म्हणा आणि त्याने फक्त बोट दाखवायचं, पहिला की दुसरा. आपला ओठ-जबडा दिसू नये म्हणून तोंडासमोर वही धरा. आधी चुकेल, मग जमायला लागेल. दहापैकी आठ-नऊ वेळा बरोबर आलं की मग बोलायला लावा.

आणखी एक. जपानी भाषकांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ऐकायला शिकवण्याचे प्रयोग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात झाले, १९९१ च्या सुमारास. मोठ्या माणसांनाही सरावाने फरक पडला. आणि पुढे असं दिसलं की अनेक माणसांच्या आवाजात सराव केला, तर नवा आवाज ऐकतानाही ते शिकणं उपयोगी पडतं. एकाच आवाजात केलेला सराव त्या आवाजापुरताच राहतो. याचा अर्थ आपल्यासाठी काय? शिक्षकाचा एकटा आवाज पुरेसा नाही. शाळेतल्या मावशी, शिपाईकाका, वर्गातली मुलं, सगळ्यांकडून त्याच दहा जोड्या मोबाइलवर म्हणवून घ्या. फुकटात उत्तम साधन तयार होतं.

मग जिभेचं काम. ळ साठी सांगायचं की जिभेचं टोक मागे वळवून ड च्या जागी न्या आणि हवा जिभेच्या कडांवरून सोडत टोक चटकन पुढे आणा. आरशात टोक वर वळलेलं दिसलं पाहिजे. "जाड ल म्हण" या सूचनेपेक्षा ही सूचना विद्यार्थ्याला पाळता येते.

कुणाचं कुठे अडतं?

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर इथे एका वर्गात पाच-सहा मातृभाषा सहज असतात. सगळ्यांना सगळे धडे सारखे देण्यात वेळ जातो.

बघा. प्रमाण हिंदीत ळ नाही, म्हणून हिंदी भाषक मुलाला तो शिकवावा लागतो. पण तमिळ, कन्नड, तेलुगू, गुजराती मुलांच्या भाषेत ळ आहेच. त्यांच्याकडून ळ घोटून घेणं म्हणजे पोहणाऱ्याला पाण्याची भीती घालवायला शिकवणं. तमिळ मुलाची अडचण दुसरीकडे असते. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे, म्हणून "काल", "खाल", "गाल" या तिघांत त्याची गल्लत होते. तिथे कागदाची पट्टी आणि गळ्यावरची बोटं काढायची. बंगाली मुलाच्या भाषेत व ला वेगळी जागा नाही, तो ब कडे जातो. त्याला सांगायचं, ओठ पूर्ण मिटू नकोस.

इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीही एक सांगतो. आपण "टेन", "डॉग" यांतले ट-ड मूर्धन्य म्हणतो. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस जीभ इतकी मागे नेत नाही, दातांनाही लावत नाही. मधली जागा आहे, दातांमागच्या हिरडीची. ती जागा आपल्याला अनोळखी नाही. मराठीतला न म्हणा. टोक तिथेच टेकलं ना? टोक तिथेच ठेवा आणि ट म्हणायचा प्रयत्न करा. हा इंग्रजी ट. विद्यार्थ्याच्या तोंडात जे आधीच आहे, तिथून नव्याकडे न्यायचं. ही युक्ती सगळीकडे चालते.

लिपी काय लपवते?

आता दुसऱ्या मुलीकडे, चमच्याकडे. आपण अभिमानाने म्हणतो की मराठी जशी बोलतो तशी लिहितो. हे पुष्कळसं खरं आहे, पूर्ण खरं नाही. आणि जिथे खरं नाही, तिथेच नवशिका आपटतो.

"जग" हा शब्द घ्या. "सारं जग" आणि "सुखाने ज़ग". लिहिताना एकच, बोलताना दोन. "चार आंबे" आणि "गुरं च़ार". तालव्य च-ज आणि दंत्य च-ज, आपल्याला दोन्ही येतात, पण ते दोन आहेत हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग परप्रांतीय विद्यार्थ्याने विचारलं की आपण म्हणतो, "ते सवयीने येतं."

सवयीमागे बराचसा नियम आहे. पुढे इ, ई, ए किंवा य आला की बहुतेक वेळा उच्चार तालव्य होतो. माझ़ा, पण माझी, माझे, माझ्या. पुण्याच़ा, पण पुण्याची, पुण्याचे, पुण्याच्या. आणि गंमत बघा, "माझे" हे तालव्य, पण बोलताना "माझ़ं" म्हटलं की पुन्हा दंत्य! बाकीच्या स्वरांपुढे अस्सल मराठी शब्दांत दंत्य जास्त: च़ाक, च़ूक, च़ांगला. संस्कृतातून तसेच आलेले शब्द तालव्य: चंद्र, चरण, जन्म. अपवाद आहेत, चार आंब्यांतला "चार" हाच एक अपवाद. पण एवढं सांगितलं तरी विद्यार्थ्याच्या हाती धागा लागतो. पहिले काही महिने फळ्यावर दंत्य अक्षराखाली टिंब द्या, पुढे काढून टाका.

दुसरं, अनुस्वार. म्हणा: अंक, पंच, अंडं, अंत, आंबा. टिंब एकच, पण जीभ पाचही वेळा वेगळ्या जागी. पुढच्या अक्षराची जागा अनुस्वार घेतो. आता "सिंह" म्हणा. आपण "सिंव्ह" म्हणतो. आणि "झालं", "घरं" यांत तर नाकाचा संबंधच नाही. तिथलं टिंब म्हणजे शेवटचा अ लांबवा, एवढीच खूण. कुणी सांगितलं नाही तर शिकणारा बिचारा "झालम्" वाचतो, आणि त्यात त्याचं काय चुकलं?

तिसरं, न उच्चारलेला अ. लिहितो "सरकार", म्हणतो "सर्कार्". लिहितो "करतो", म्हणतो "कर्तो". मराठी मूल हे आपोआप करतं. परदेशी विद्यार्थी प्रत्येक अ उच्चारतो आणि त्याचं बोलणं तुटक ऐकू येतं. त्याला एक सांगायचं, शब्दाच्या शेवटचा सुटा अ सोडून द्या. "मित्र", "पुत्र" सारख्या जोडाक्षरानंतर तो थोडा राहतो.

आणि चौथं, "दर्या" आणि "दऱ्या". समुद्र म्हणताना द वर आघात येतो, दर्-या. डोंगरातल्या दऱ्या म्हणताना तो येत नाही, द-ऱ्या. इथे मात्र आपल्या लिपीने कमाल केली आहे, तिने दोन उच्चारांना दोन वेगळे र दिले.

वहीतली "चूक" आणि कानाचं खरं

आता तिसरा मुलगा, "मंदीर" लिहिणारा. त्याने काय केलं ते नीट समजून घेऊ.

मराठीत शब्दाच्या शेवटी व्यंजन ऐकू येत असेल, तर त्याआधीचा इ-उ आपण लांब म्हणतो. मूल, फूल, दूध, वीट. पुढे प्रत्यय लागला की तो आखूड होतो: मुलाला, फुलाला, दुधाला, विटा. अस्सल मराठी शब्दांत लिपीही या बोलण्याच्या मागे जाते. पण संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द आपण संस्कृताप्रमाणे लिहितो: मंदिर, गुण, विष. बोलताना मात्र त्यांनाही मराठीचाच नियम लावतो आणि "मंदीर", "गूण", "वीष" म्हणतो.

मुलाने ऐकलं "मंदीर", लिहिलं "मंदीर". त्याचा कान शाबूत आहे. त्याला ठाऊक नाही ते एवढंच की हा शब्द तत्सम आहे. मग त्याला "नीट ऐक" असं सांगणं म्हणजे त्याच्या बरोबर असलेल्या गोष्टीवर अविश्वास दाखवणं. "श" आणि "ष" चंही तेच. आज बहुतेक मराठी माणसं दोन्ही सारखेच उच्चारतात. मग श्रुतलेखनात "विशेष" मधला पोटफोड्या ष कानाने कसा ओळखायचा? तो डोळ्यांनी लक्षात ठेवायचा असतो. त्या मुलाला सांगावं, "तू ऐकलंस ते बरोबर. लिहायची रीत मात्र वेगळी आहे, ही यादी बघ." चूक सुधारतेच, शिवाय मुलाचा कानावरचा विश्वास टिकतो.

"पानी" म्हणणारा मुलगा

शेवटचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. विदर्भात, खानदेशात कितीतरी घरांत "पानी" म्हणतात. वऱ्हाडीत, अहिराणीत ळ च्या जागी य येतो, "डोळा" चा "डोया" होतो. याला आळस किंवा अडाणीपणा म्हणणं शास्त्राला धरून नाही. त्या बोलीत ळ चा य होतो तो ठरलेल्या रीतीने होतो, जिभेला वाटेल तसा होत नाही. रीत आहे म्हणजे व्यवस्था आहे. बोलीची ध्वनिव्यवस्था ही प्रमाण भाषेची बिघडलेली प्रत नसते.

बर्नार्ड शॉ यांच्या "पिग्मॅलियन" वरून पु. ल. देशपांडे यांनी केलेलं "ती फुलराणी" १९७५ साली रंगभूमीवर आलं. उच्चार बदलले की समाजातली पायरी बदलते, हे त्या नाटकाने आपल्याला हसत हसत दाखवलं. पण हसून झाल्यावर प्रश्न उरतोच, की माणसाची किंमत ण आणि न वर का ठरावी? नोकरीच्या मुलाखतीत, वक्तृत्व स्पर्धेत ती आजही ठरते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून प्रमाण उच्चार शिकवू नका असं मी म्हणत नाही. मुलाला तो मिळालाच पाहिजे, त्याचा हक्क आहे. फक्त तो घरच्या बोलीवर काट मारून द्यायचा नाही, तिच्या शेजारी ठेवायचा. फळ्यावर दोन रकाने करा, "घरी" आणि "शाळेत". पानी–पाणी, डोया–डोळा. दहा शब्द झाले की मुलंच म्हणतात, "बाई, ळ चा य होतो!" नियम त्यांनी शोधला. ज्या बोलीची लाज वाटायची, तिच्यातूनच ती व्याकरण शिकली.

सुरुवात कशी करावी?

पहिलं म्हणजे स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा आणि त्यातलं एक वाक्य जसं ऐकू येतं तसं लिहा, शुद्धलेखन बाजूला ठेवून. आपणच किती ठिकाणी अ गाळतो ते कळेल. दुसरं, विद्यार्थ्यांच्या मातृभाषांची यादी करा आणि प्रत्येकीत मराठीतला कोणता आवाज नाही ते शोधा. तिसरं, रोज पाच मिनिटं, एकच जोडी. आणि चौथं, विद्यार्थी अर्थ सांगत असताना मध्ये तोडू नका. टिपून ठेवा, नंतर सांगा.

ज्यांना खोलात जायचंय त्यांनी अशोक केळकर यांचं लेखन वाचावं. मराठीच्या ध्वनींवर आणि पदांवर त्यांनी १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठात प्रबंध लिहिला आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये अनेक वर्षं शिकवलं.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

प्रश्न: माझे स्वतःचेच उच्चार प्रमाण नाहीत. मी उच्चार शिकवू शकते का?

उत्तर: जरूर. तुम्हाला दोन व्यवस्था ठाऊक आहेत, ही जमेची बाजू आहे. ज्याला ळ जन्मापासून येतो त्याला तो कसा काढायचा ते सांगता येईलच असं नाही. ज्याने तो शिकून घेतला आहे, तो वाट दाखवू शकतो. नमुन्यासाठी इतरांचे आवाज वापरा.

प्रश्न: मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याचा परका हेल जातच नाही. काय करावं?

उत्तर: हेल जावा हे उद्दिष्टच ठेवू नका. समजतं का, हे बघा. "वेल" आणि "वेळ" यांत अर्थ बदलतो, तिथे मेहनत घ्या. "चमचा" तालव्य म्हटला तरी चमचाच मिळतो, तिथे घाई नको. मराठी अनेक हेलांत बोलली जाते, त्यांत आणखी एकाची भर पडली तर बिघडलं कुठे?